चौतीस वेळा निरंक

ढाणकीच्या रस्त्याने आत वळलं की खैरदरा केंद्र लागतं. केंद्र म्हणजे काही इमारत नव्हे. जिल्हा परिषदेच्या अकरा शाळा, चौतीस शिक्षक आणि त्यांच्या डोक्यावर एक केंद्रप्रमुख, एवढं मिळून केंद्र. या चौतीस जणांत जीवन आडे वयाने लहान आणि मागणीने सगळ्यात मोठा. लग्नसराईत आचाऱ्याला येत नसतील एवढे फोन त्याला महिनाअखेरीस यायचे. "आडे सर, ओटीपी आला, सांगू का?" "आडे सर, माझा पासवर्ड काय होता हो?" स्वतःचा पासवर्ड दुसऱ्याला विचारणारी माणसं आणखी कुठे असतील की नाही ठाऊक नाही, पण खैरदरा केंद्रात होती, आणि जीवनला तो पाठ असायचा.

जीवन मूळचा दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरचा. बाप हरिसिंग, आई धनीबाई, दोघांच्याही सहीच्या जागी अंगठा. तांड्यातला डी.एड. झालेला पहिला पोरगा तो. कॉलेजच्या दिवसांत तो काळीपिवळी जीपला लटकून दारव्ह्याच्या कॉम्प्युटर क्लासला जायचा आणि क्लास बंद होईपर्यंत उठायचा नाही. नोकरी लागली ती जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, उमरखेड तालुक्यात. सुरुवातीला बैठकीत त्याला मागच्या रांगेत बसवायचे. एकदा केंद्रप्रमुख पुंडलिकराव कदम साहेबांच्या लॅपटॉपवर दोनशे ओळींचा तक्ता अडकला. जीवनने तो चार मिनिटांत सरळ करून दिला. त्या दिवसापासून त्याची खुर्ची साहेबांच्या शेजारी आली. त्या खुर्चीची त्याला सवय झाली, आणि पुढचं जे काही झालं ते या सवयीपायीच.

वरून लिंक यायची. लिंक म्हणजे मोबाईलवर भरायचा फॉर्म. कधी पोषण आहाराची, कधी झाडं लावल्याची, कधी बुटांच्या मापाची. प्रत्येकीखाली एकच ओळ, 'आज पाच वाजेपर्यंत, शंभर टक्के'. आधी ज्याने त्याने भरावी असं होतं. मग कुणाला रेंज नसायची, कुणी जन्मतारखेच्या जागी लग्नाची तारीख टाकायचं आणि तालुक्याच्या यादीत खैरदरा लाल रंगात दिसायचं. साहेबांना तालुक्यावरून बोलणी बसायची. शेवटी त्यांनीच तोड काढली.

"आडे सर, तुम्ही एका जागी बसून सगळ्याईचंच भरून टाकत जा ना. कायले चौतीस डोक्याईचा ताप?"

जीवनकडे सगळ्यांचे नंबर, जन्मतारखा, शिक्षणाची वर्षं, अगदी रक्तगटसुद्धा एका फाईलीत होते. तेव्हापासून खैरदरा कधी लाल झालं नाही. लोक त्याला 'तंत्रस्नेही' म्हणू लागले. शब्द सरकारी होता, पण त्याला तो पदवीसारखा वाटायचा.

ऑगस्टमध्ये आलेली लिंक वेगळी होती. जिल्ह्यात शिक्षकांच्या मनाच्या आरोग्यासाठी एक नवा उपक्रम सुरू झाला होता. फॉर्ममध्ये अठरा प्रश्न होते. झोप लागते का, शाळेत जाताना छातीत धडधडतं का, मुलांवर विनाकारण ओरडलं जातं का. शेवटी एक मोकळा चौकोन, 'आपल्याला काही सांगायचे आहे काय?' वर स्पष्ट लिहिलं होतं की प्रत्येकाने स्वतः भरावे. ज्यांची उत्तरं काळजीची वाटतील त्यांना यवतमाळहून समुपदेशक फोन करणार होत्या, त्यांच्या शाळेवर कामाचा किती बोजा आहे ते पाहणार होत्या आणि गरज असेल तिथे काही महिन्यांसाठी दुसरा शिक्षक मिळणार होता. जीवनने हे सगळं वाचलं होतं. न वाचता केलं असतं तर निदान तेवढी तरी सबब राहिली असती.

मुदत नेहमीप्रमाणे आजचीच. त्याने ग्रुपवर लिहिलं, 'मी भरून टाकतो, कुणी घाई करू नये.' खाली चौदा अंगठे आले, दोघांनी हात जोडले. जेवणाच्या सुट्टीनंतर त्याने वर्गाला सतराचा पाढा दहादा लिहायला लावला आणि मोबाईल घेऊन बसला. एकसारखी उत्तरं दिली तर वरच्यांना संशय येईल, म्हणून त्याने डोकं चालवलं. कुणाला 'नेहमी आनंदी', कुणाला 'बहुतेक वेळा', मधूनच एखाद्याला 'कधी कधी थकवा'. शेवटच्या चौकोनात मात्र चौतीसही वेळा एकच शब्द टाकला, सरकारी कागदावर काही नसलं की टाकतात तो, निरंक.

विजयमाला देवसरकर मॅडमची पाळी आली तेव्हा त्याला क्षणभरही थांबावं लागलं नाही. एक्कावन्न वर्षांच्या, कधी कुरकुर नाही, कधी उशीर नाही. त्याने त्यांना सगळीकडे 'नेहमी आनंदी' दिलं. दुपारी त्यांचा मेसेज आला होता, एक फोटो आणि खाली दोन ओळी. 'सर, मला मोबाईलवर फार लिहिता येत नाही म्हणून कागदावर लिहिले आहे. तसेच्या तसे भरा, ही विनंती.' फोटो धूसर होता, त्यावर डाऊनलोडचा गोल बाण होता. मेमरी भरते म्हणून जीवनच्या फोनमध्ये फोटो आपोआप उतरत नसत. जन्मतारीख, सेवेची वर्षं असंच काही असेल, असं त्याला वाटलं. ते तर त्याच्याकडे होतंच. त्याने बाणावर बोट ठेवलं नाही. मॅडमना उत्तर पाठवलं, 'झाले मॅडम'.

साडेचारला काम संपलं. तालुक्यात पहिलं शंभर टक्के केंद्र खैरदरा.

ऑक्टोबरच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांच्या मासिक बैठकीत, साहेबांनी त्या फॉर्मचा निकाल वाचून दाखवला. एकाही शिक्षकाला ताण नसलेलं तालुक्यातलं एकमेव केंद्र आपलं. लोक हसले, टाळ्या वाजल्या. शेजारच्या शाळेचे अश्वजित सर जीवनच्या कानाशी म्हणाले, "बाप्पा, मी एवढा खुश आहो हे मले बी आजच समजलं. बायकोले दाखवतो."

विजयमाला मॅडम बैठकीला नव्हत्या. चहाच्या वेळी कारण कळलं. आदल्या दिवशी त्यांनी तिसरीतल्या अंजू नावाच्या मुलीच्या कानशिलात मारली होती. मुलीचा कान सुजला होता आणि तिच्या तांड्यातले लोक शाळेत जमले होते.

"देवसरकर मॅडम? त्या तर मुंगीले बी रस्ता देतात."

"वय झालं की होते तसं. राजीनामा टाकावा माणसानं."

कदम साहेबांनी जीवनला बाजूला घेतलं. "आडे सर, तुम्हीच जा तिकडे. तांडा तुमच्या लोकाईचा, बोली तुमची. पोरीच्या बापाले समजवा. कागद वर जायच्या आत मिटलं पाहिजे."

मॅडमची शाळा डोंगराच्या कडेला, दोन खोल्यांची. दोन शिक्षकांच्या जागा, त्यातली एक दोन वर्षांपासून रिकामी. पहिली ते चौथी त्रेचाळीस मुलं आणि मॅडम एकट्या. जीवन पोहोचला तेव्हा पोरीचा बाप देवसिंग ओट्यावर बसला होता. जीवनने गोरबोलीत, दोघांच्या बंजारा बोलीत, रामराम केला तसा तो थोडा सैल झाला. भांडायला आलेल्या माणसासारखा तो दिसतच नव्हता.

"गुरुजी, बाई वाईट नाही," तो मराठीत मोठ्याने म्हणाला, खोलीत बसलेल्या मॅडमना ऐकू जावं म्हणून. "माया मोठ्या पोरीले इनंच शिकवलं. पण चार वर्ग एकटीनं? आम्ही बैलाले बी जोडी लावतो. तुमच्या सरकारले इतकं बी समजत नाही काय?"

"समजते, दादा."

"समजते तर मंग सांगत काहून नाही कोणी?"

जीवनने विषय बदलला. दवाखान्यात नेऊन आणतो, औषध देतो, पुन्हा असं होणार नाही, असं काहीबाही तो बोलत राहिला. देवसिंग उठला. डॉक्टरने काल पाहिलं, कान शाबूत आहे, पण पोरगी शाळेत यायला तयार नाही, एवढं सांगून तो गेला.

मॅडम खोलीत मुलांच्या वह्यांच्या गठ्ठ्याशी बसल्या होत्या. जीवन आत आला तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

"सर, एक विचारू?"

"विचारा ना, मॅडम."

"मी लिहिलं होतं ना त्या कागदावर. मले माह्या हाताचं भेव वाटते म्हणून. कधी कोणावर उठंल, सांगता येत नाही म्हणून. तुम्ही वाचलं, तुम्हीच भरलं. मंग दोन महिन्यांत मले एक फोन काहून नाही आला?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "मी तर तुमच्याकडं पाहत नव्हती बैठकीत. मले वाटे, यांना सगळं माहीत आहे. माही झोप, माहं रडणं. तरी तुम्ही चारचौघात कधी दाखवलं नाही, म्हणून मनातल्या मनात तुमचे उपकार मानत होती."

जीवनच्या तोंडून शब्द आले ते असे, "आपण तर पाठवलं होतं मॅडम. वरूनच काही आलं नाही."

तो हे किती सहज बोलला, याचं त्यालाच नवल वाटलं. 'वरून आलं नाही' हे वाक्य त्याने इतक्या वेळा ऐकलं आणि बोललं होतं, की ते जिभेवर तयारच होतं. मॅडमनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला, आणि तेच त्याला सोसवेना. पाणीही न पिता तो निघाला.

घाटाच्या वळणावर त्याने गाडी थांबवली. मोबाईल काढून ऑगस्टपर्यंत मागे गेला. तो धूसर फोटो तिथेच होता. त्याने बाणावर बोट ठेवलं. चक्र फिरलं आणि थांबलं. पडद्यावर सूचना आली. हा फोटो आता मिळणार नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा.

हे असं होतं, ते त्याला माहीत होतं. वेळेत उतरवून न घेतलेली गोष्ट कंपनी फार दिवस सांभाळत नाही. बैठकीत त्यानेच इतरांना हे दोनदा समजावून सांगितलं होतं. त्याने आणखी एकदा बोट ठेवलं, मग पुन्हा एकदा. रस्त्यावरून कापसाचे बोंदरे, म्हणजे मोठाले गठ्ठे, लादलेला टेम्पो गेला. ड्रायव्हरने ओळखीने हात केला आणि जीवनने चोरासारखा फोन खिशात घातला.

संध्याकाळी बायको ममताने विचारलं, "काय झालं? जेवत काहून नाही?" तिला तो सांगू शकला नाही. सांगितलं ते फोनवर आईला, त्याच्या याडीला, तेही आडवळणाने. एका शिक्षकाने असं केलं याडी, दुसऱ्याचं बोलणं न ऐकताच 'काही नाही' असं लिहून टाकलं, आणि मग तिकडे एका पोराला मार बसला. त्याने आता काय करावं?

धनीबाईला फॉर्म कळला नाही, लिंक कळली नाही. पण मुलाचा आवाज तिला कळत होता.

"तुझा बाप नसाबात बसे, तुले आठवते ना?" नसाब म्हणजे तांड्याची पंचायत, नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. "लोक आधी नायकाकडं धावत, नायकाला गोड बोलून चूक मिटवून घ्यायले. तुझा बाप त्याईले परत पाठवे. म्हणे, ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारी आधी जा. तिथं तोंडानं बोल. मंग ये आमच्याकडं." मग तिने विचारलं, "त्या शिक्षकानं सकाळी जेवलं होतं काय?"

जीवनने फोन ठेवला. आईने ओळखलं होतं, आणि तिने नाव घेतलं नाही यानेच तो जास्त खजील झाला.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तो पुन्हा मॅडमच्या शाळेत गेला. दारातच उभा राहिला. "मॅडम, मी तुमचा कागद वाचला नव्हता. फोटो उघडलाच नव्हता. तुम्हाला सगळीकडे 'नेहमी आनंदी' मीच लिहिलं. वरून येण्याचा प्रश्नच नव्हता. काल खोटं बोललो."

मुलं बाहेर पोषण आहाराच्या ताटांशी गोंगाट करत होती. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"वाचलाच नव्हता?"

"नाही."

"म्हणजे दोन महिने मी कोणाले लाजून राह्यली, सर? ज्याले काहीच माहीत नव्हतं त्याले?"

जीवन दारातून एक पाऊल आत आला.

"आणि तुम्ही लिहिलं काय? आनंदी?" त्या हसल्या, पण ते हसणं ऐकून जीवनला वाटलं, यापेक्षा त्यांनी आपल्याला मारलं असतं तर बरं झालं असतं. "सर, तो कागद लिहायच्या आधी मी चार कागद फाडले. प्रेरणा मोबाईल पाहते, माही पोरगी, म्हणून फोटो बी पुसून टाकला, कागद चुलीत घातला. तेवढं एकदाच जमलं मले. आता म्हणसान पुन्हा पाठवा, तर कुठून पाठवू?"

"मी लिहून देतो वर. माझी चूक आहे म्हणून. फॉर्म पुन्हा उघडतील."

"आणि नाही उघडला तर?"

"तर तुमचं नाव देऊन सांगतो की या शाळेला आधी शिक्षक पाहिजे."

"माहं नाव तुम्ही एकदा लिहून टाकलं, सर," मॅडम म्हणाल्या. "आता मले विचारल्याशिवाय कुठंच लिहू नका."

हे वाक्य त्याच्या अंगात काट्यासारखं रुतून बसलं. खैरदऱ्याला येईपर्यंत तो तेच घोळवत होता. अर्ज त्याने साहेबांच्या समोरच बसून लिहिला. 'चौतीस शिक्षकांचे फॉर्म त्यांना न विचारता मी स्वतः भरले. उत्तरे खोटी आहेत. तरी लिंक पुन्हा उघडावी.' मॅडमचं नाव त्यात नव्हतं. कदम साहेबांनी तो दोनदा वाचला आणि टेबलावर उलटा ठेवला.

"आडे सर, तुम्ही एकटे नाही बुडत. केंद्र बुडवून राह्यले तुम्ही. माहे आठ महिने राह्यले नोकरीचे. मलेच विचारतील, साहेब तुम्ही काय करत होते?"

"तुम्ही सांगितलं होतं, असं मी लिहिलं नाही, साहेब."

"हो, लिहिलं नाही. पण मले तर माहीत आहे ना." साहेब खिडकीबाहेर पाहत राहिले. चांगले गृहस्थ होते. त्यांनाही झोपेची गोळी लागते हे केंद्रात सगळ्यांना माहीत होतं, आणि फॉर्म त्यांच्यासाठीही असता तर जीवनने त्यांच्याही नावापुढे 'बहुतेक वेळा आनंदी' टाकलं असतं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "पाठवा. मी आवक-जावकला चढवतो. माही सही मागू नका फक्त."

आठ दिवसांत दोन गोष्टी आल्या. जीवनच्या नावाने कारणे दाखवा नोटीस, आणि केंद्रासाठी दोन दिवस पुन्हा उघडलेली लिंक. ग्रुपवर यावेळी अंगठे आले नाहीत. 'एकाच्या हुशारीपायी सगळ्यांना ताप,' असं कुणीतरी लिहिलं. अश्वजित सरांनी लिहिलं, 'चला, आता खरं दुःख शोधा बाप्पा,' आणि पाच मिनिटांनी ते पुसून टाकलं. तंत्रस्नेही हा शब्द मात्र कुणी पुसला नाही. आता तो टोमण्यासारखा यायचा. "विचारा तंत्रस्नेहीले, मी आज कसा आहो ते." पुढच्या बैठकीत तो आपणहून मागच्या रांगेत जाऊन बसला.

लिंकच्या दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. आवाज कोरडा होता. "मले भरायचं आहे. पण पोरं सोडून बसता येत नाही. तुम्ही एक तास वर्ग घ्यान काय? मोबाईलचं मी पाहते माहं."

तो गेला. मॅडम आतल्या खोलीत बसल्या. अर्ध्या तासाने दारातून त्यांनी एकच विचारलं, "पुढं दाबलं तर मागं येता येते काय?"

"येते, मॅडम. शेवटचं बटण दाबेपर्यंत सगळं बदलता येते. मी दाखवू?"

"नको. तुम्ही तिकडंच थांबा."

तो तिकडेच थांबला. त्रेचाळीस मुलं एका खोलीत. पहिलीच्या दोघांचं भांडण सोडवावं तोवर चौथीचं गणित अडायचं, तिकडे पाहावं तोवर तिसरीतलं कुणी पाणी प्यायला पळालेलं असायचं. स्वतःच्या शाळेत तो दोन वर्ग सांभाळत असे आणि तेवढ्यावरही दमलो म्हणून घरी सांगत असे. चाळीस मिनिटांत त्याचा आवाज बसला. दोनदा त्याला ओरडावंसं वाटलं. एकदा तो ओरडलाही.

समोरच्या रांगेत अंजू होती. देवसिंगनेच तिला दोन दिवसांपूर्वी आणून बसवलं होतं. ओढणी कानावरून गुंडाळलेली, पाटी मांडीवर. तिसरीची वजाबाकी फळ्यावर लिहावी म्हणून जीवनने खडू घेतला आणि हात वर केला. अंजूने झटकन मान खाली घातली आणि दोन्ही कोपरं डोक्यावर घेतली.

बाकीच्या मुलांच्या ध्यानातही आलं नाही. जीवनने हात हळूच खाली आणला. खडू टेबलावर ठेवला, जमिनीवर तिच्यापासून जरा दूर बसला, आणि दोन्ही तळवे उघडे, तिला दिसतील असे गुडघ्यांवर ठेवले. ती कोपरांच्या मधून बघत होती. दाराच्या पलीकडे मॅडम अजून लिहीत होत्या. कधी थांबायच्या, बराच वेळ थांबायच्या, आणि मग पुन्हा एकेका बोटाची टकटक ऐकू यायची.